कुंदनच्या निबंधातली सुंदरबाई

धुळ्यातल्या देवपूर भागात कामिनी बोरसेला पुष्कळ जण 'खऱ्याखोट्याच्या मॅडम' म्हणत. कोणाच्या मोबाईलवर काही चमत्कारिक आलं, की ते तिला पाठवायचं आणि खाली लिहायचं, 'मॅडम, हाई खरं शे का?' ती सहसा लगेच उत्तर द्यायची. हे खोटं, हा फोटो जुना, हे अर्धं खरं. एका कॉलेजात ती तासिकेवर पत्रकारिता शिकवत होती. वडील गेल्यापासून घरात ती आणि आई बेबाबाई, दोघीच.

त्याआधी काही वर्षं ती जळगावला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होती. तिथे रोज संध्याकाळी गावोगावच्या बातम्या येऊन पडत आणि त्यांतली एखादी छापून झाल्यावर खोटी निघे. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बारीक अक्षरांत दुरुस्ती येई आणि ती कोणीच वाचत नसे. ही गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती. म्हणून तिने पीएचडीला विषय घेतला तोही असाच: युद्धाच्या काळात पसरणाऱ्या खोट्या बातम्या आणि त्यांची पडताळणी. तिने नोंदणी केली तेव्हा युद्ध लांब युक्रेनमध्ये चाललं होतं. तिथे डॉक्टरकी शिकायला गेलेली खानदेशातली काही मुलं परत येत होती आणि त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वाट्टेल ते फोटो फिरत होते. तिने सुरुवात तिथून केली. लोक हसले. तिकडच्या लढाईशी धुळ्याचा काय संबंध, असं विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी तिला तोंडावर विचारलं होतं.

तिचे मार्गदर्शक जळगावचे झोपे सर मात्र कधी हसले नाहीत. त्यांच्याकडे संशोधन करणारी दोन-तीनच माणसं होती आणि त्यांत कामिनी सगळ्यात जुनी. सरांच्या खोलीत गेल्यावर खिडकीजवळची खुर्ची तिची, हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण तसं होतं.

मग कुंदन महाजन आला. चोपड्याकडच्या एका गावचा, वडिलांची केळीची बाग, हा शिकून जळगावच्या पिंप्राळ्यात खोली घेऊन राहिलेला. कामिनीपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. सरांनी त्याला तिच्याच हाती सोपवला. फोटो उलटा कसा शोधायचा, म्हणजे तो आधी कुठे आलाय ते कसं काढायचं, व्हिडिओत दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर कसे बघायचे, ज्या गावाचं नाव आहे त्या गावात थेट फोन कसा लावायचा, हे सगळं तिने त्याला शिकवलं. तो तिला ताई म्हणायचा. कॉम्प्युटरवर त्याचा हात सावकाश चालायचा. जो शोध तिला चहा निवायच्या आत लागायचा, त्यावर हा दुपार घालवायचा. हे तिला मनातून आवडायचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्याच सीमेवर तोफा धडाडल्या आणि कामिनीचा लांबचा विषय एकदम दारात आला. कोणी म्हणे पेट्रोल संपणार, कोणी म्हणे एटीएम बंद होणार. मोबाईलवरच्या खेळातलं विमान पडताना दाखवून ते शत्रूचं म्हणून फिरवत होते. दुसऱ्याच देशातला जुना स्फोट कालचा म्हणून येत होता. कामिनीने कॉलेजच्या मुलांना हाताशी धरलं, कुंदन जळगावहून मदतीला, आणि दिवसभर एकामागून एक मेसेज तपासून 'खोटे' असा शेरा मारून ग्रुपवर टाकायचं काम चाललं. एका स्थानिक पेपरने तिचा फोटो छापला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला कोणी विचारत होतं. लोक घाबरलेले असताना आपल्याला मात्र बरं वाटतंय, हे तिला कळत होतं, पण ते बरं वाटणं काही थांबत नव्हतं.

त्या गर्दीतच एक मेसेज आला. नवल नावाच्या जवानाचा गणवेशातला फोटो, खाली दोन मेणबत्त्या आणि 'शहीद' हा शब्द. गाव पहूरच्या पुढे, आतल्या बाजूचं. कामिनीने तिथल्या सरपंचाकडून घरचा नंबर मिळवला आणि फोन लावला. बायकोने उचलला. नवरा बरा आहे, सकाळीच बोलणं झालं, असं ती म्हणाली. कामिनीने आपल्या तक्त्यात त्या मेसेजपुढे 'खोटे' लिहिलं, ग्रुपवर टाकलं आणि पुढचा व्हिडिओ उघडला.

लढाई थांबल्यावर कुंदनने तिला विचारलं, की त्या जवानाच्या घरी नंतर कोणी गेलं होतं का. ती म्हणाली, कशाला, ते तर तपासून झालंय. पुढे तो एकटाच तिकडे जात राहिला, हे तिला सरांकडून कळलं.

दिवाळीनंतर कुंदनचा शोधनिबंध आला. एका अफवेवर, एका गावावर, एका घरावर. नवलच्या मरणाची खोटी बातमी त्या गावात कशी पसरली, कोणी दुकानं बंद केली, चौकात फलक कसा लागला आणि खरी बातमी गावात येऊनही त्या घरापर्यंत पोचायला संध्याकाळ का झाली, हे त्याने लिहिलं होतं. मध्ये नवलच्या आईचं, सुंदरबाईचं, बोलणं तिच्याच बोलीत होतं. 'मले कोनी सांगलं नाही. बायायनं पदर तोंडाले लावले, तवा मी समजली.'

दिल्लीच्या एका परिषदेत हा निबंध वाचला गेला. त्यावर कोणीतरी इंग्रजीत लेख लिहिला. जळगावच्या एका पेपरने रविवारचं अर्धं पान दिलं. झोपे सरांनी विभागातल्या सगळ्यांना बसवून सुंदरबाईचं ते वाक्य मोठ्याने वाचलं, मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "असं काम आपल्याकडे झालं, याचं मला समाधान आहे." कामिनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती आणि आणखी कोण कोण वाजवतंय ते बघत होती.

त्या दिवशी धुळ्याला परतताना बसमध्ये तिने तो निबंध पुन्हा वाचला. नंतर कितीदा वाचला, त्याला हिशेब नाही. चुका शोधायला वाचला. एका संदर्भाचं साल चुकलेलं सापडलं तेव्हा तिला दिवसभर हुशारी वाटली. मग कोणाच्या लक्षातही येणार नाही इतकी ती चूक लहान आहे, हे उमगलं आणि ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागली. सगळ्यात जास्त काय खुपत होतं, तर कुंदनने तिचं काहीच चोरलेलं नव्हतं. नवलचा मेसेज तिच्याकडे आला होता, त्याच्या आधी. फोन तिने लावला होता. तिच्या तक्त्यात ती एक ओळ होती, शेकडो ओळींतली, आणि तिने ती स्वतःच्या हाताने मिटवून टाकली होती. ज्याने काही हिसकावलंच नाही त्याच्यावर रागवायचं कसं, हे तिला समजत नव्हतं. म्हणून ती बाकीच्या गोष्टींवर रागवू लागली. त्याचं हसणं मोठं वाटू लागलं. तो प्रत्येकाला 'भाऊ', 'अक्का' करतो ते नाटकी वाटू लागलं. तो वर्गात आला की तिची स्वतःची मुलंही सरसावून बसत, हे तिने पाहिलं आणि त्याला पुढच्या वेळी बोलवायचं विसरल्यासारखं केलं.

घरीही सुटका नव्हती. कुंदन धुळ्याला आला की देवपुरात डोकावून जायचाच. बेबाबाईशी अहिराणीत गप्पा मारायचा, तिच्या हातची कळण्याची भाकरी ठेच्याशी खायचा आणि जाताना पाया पडायचा. तो गेला की बेबाबाई म्हणायची, "कितला गुनना पोऱ्या शे. तुन्हासारखा तोंड फुगाडीसन नही बठत." एकदा तिने पेपरातलं ते अर्धं पान जपून घडी घालून देवाच्या फळीवर ठेवलेलं कामिनीला दिसलं. कामिनीचा फोटो छापलेला पेपर कुठे गेला, ते मात्र आईला आठवत नव्हतं. त्या दिवशी कामिनी जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

जानेवारीत तिच्या वर्गातल्या पहूरकडच्या एका मुलीने बोलता बोलता सांगितलं, की सुंदरबाई तिच्या लांबच्या नात्यातली, तिला मुळी ऐकूच येत नाही आणि परक्या माणसाशी ती बोलतही नाही. मुलगी सहज सांगून गेली. कामिनी मात्र त्या तासाला पुढे काय शिकवलं ते विसरली. ऐकू न येणाऱ्या बाईची मुलाखत झाली कशी? ते वाक्य, ज्यावर सगळे डोळे पुसतात, ते मग आलं कुठून?

एरवी तिने काय केलं असतं, हे तिच्या कोणत्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं. तिने फोन लावला असता. कुंदनला, त्या घरी, सरपंचाला. या वेळी तिने कोणालाच लावला नाही. लावला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि तिला उत्तर नको होतं. हा संशय तिला काही दिवस तसाच हवा होता.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये नूतन भेटली. नूतन सरांच्याच हाताखाली काम करणारी, बोलघेवडी आणि मनाने निर्मळ. कुंदनचं कौतुक निघालं तसं कामिनीने कपातला चहा ढवळत म्हटलं, "ती बाई बहिरी आहे म्हणे. मुलाखत कशी घेतली असेल, कोण जाणे." एवढंच. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

नूतनने ते आणखी एकाला सांगितलं. त्याने तिसऱ्याला. चार दिवसांत त्याची 'मुलाखत झालीच नाही' अशी बातमी झाली, आणि मग 'हा त्या गावी गेलाच नाही' अशी. शेवटी ती फिरत फिरत मेसेज होऊन कामिनीच्याच मोबाईलवर आली, वर पुढे पाठवल्याचा बाण, आणि खाली चाळीसगावच्या एका प्राध्यापकाचा प्रश्न: 'मॅडम, हे खरं आहे का?'

'मला माहीत नाही' असं तिला लिहिता आलं असतं. 'तपासल्याशिवाय पसरवू नका' हे वाक्य ती प्रत्येक कार्यशाळेत फळ्यावर लिहीत असे. तिने लिहिलं, 'चौकशी व्हायला हवी.' आणि मोबाईल पालथा ठेवला.

त्या तीन शब्दांना वजन होतं, कारण ते खऱ्याखोट्याच्या मॅडमचे होते. कुंदनला दिल्लीच्या एका संस्थेची अभ्यासवृत्ती मिळणार होती. ती त्यांनी थांबवली आणि झोपे सरांकडे खुलासा मागितला. सर त्या दिवसांत एकदम म्हातारे दिसायला लागले. कुंदनने काय म्हटलं, तर म्हणे, मी गेलो होतो, एवढंच सांगतो, बाकी तुम्ही कोणालाही पाठवून खात्री करा. आणि कोणाला पाठवू असं सरांनी विचारल्यावर त्यानेच नाव सुचवलं होतं.

"तो म्हणाला, कामिनीताईंनाच पाठवा," सरांनी तिला सांगितलं. "मलाही तेच वाटतं. तुझ्यासारखं तपासणारं माझ्याकडे दुसरं कोणी नाही."

फेब्रुवारीत ती जळगावहून संभाजीनगरच्या बसने निघाली, पहूरला उतरली आणि तिथून रिक्षाने आत गेली. वाटेत शेतांतल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या होत्या. सबंध रस्ताभर तिच्या मनात अहवालाची वाक्यं तयार होत होती. 'खेदाने नमूद करावे लागते की' हे तिला फार आवडलं. ते तिने पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. मुलाखत झालेली नसू दे, असं ती जवळजवळ नवस केल्यासारखं मागत होती.

नवलचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात त्याची बायको दिपमाला सुपात तूर पाखडत होती आणि पलीकडे खाटेवर एक बारकीशी म्हातारी उन्हाकडे पाठ करून बसली होती. हातात मोबाईल असलेली अनोळखी बाई फाटकातून आत येताना पाहून म्हातारी ताडकन उभी राहिली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "नवलचं काही हाये का?"

दिपमालाने हात हलवून नाही, नाही असं केलं. मग कामिनीला म्हणाली, की कोणीही नवीन माणूस दारात आला की त्या हेच विचारतात, मागच्या मेपासून.

कामिनीने आपण विद्यापीठाकडून आलो असल्याचं सांगितलं. कुंदनचं नाव निघताच दिपमालाने सासूच्या कानाशी तोंड नेऊन ते दोनदा सांगितलं, हाताने केळीच्या घडाची खूण केली, आणि म्हातारीचा चेहरा सैल झाला. "केयंवाला पोऱ्या," ती म्हणाली. तो बागेतली केळी घेऊन यायचा. पहिल्या दोन वेळा त्याने काही विचारलंच नाही, नुसता बसून गेला, असं दिपमाला सांगत होती. तिसऱ्या वेळी सासू आपणहून बोलली. आणि आताही, कोणी न विचारता, कुंदनच्या नावाने सुरू झाल्यासारखी सुंदरबाई बोलू लागली. बाया कशा एकेक करून अंगणात आल्या. कोणाचं तोंड हललं नाही. कोणी तिच्या डोळ्यांत बघेना. मग त्यांनी पदर तोंडाला लावले. निबंधातलं वाक्य जसंच्या तसं तिच्या तोंडून आलं आणि त्याच्या पुढेही ती बोलत राहिली, कुंदनने न लिहिलेलं पुष्कळ.

कामिनीला आधी जाणवली ती निराशा. इतकी स्वच्छ निराशा, की तिची तिलाच लाज वाटली. मुलाखत झाली होती. खरी होती. तिच्याकडून कधी झाली नसती अशी होती.

उठावं म्हणून तिने पिशवी उचलली, पण सवयीने एक प्रश्न विचारला. बाया का आल्या, त्यांना कोणी सांगितलं? दिपमालाने सूप खाली ठेवलं.

"तशी सुरुवात माझ्यापासूनच झाली," ती म्हणाली. "आमच्याकडे तोवर कोणालाच काही माहीत नव्हतं. सकाळी ह्यांचं बोलणं झालेलं. मी कपडे धूत होते. धुळ्याहून कोणा मॅडमचा फोन आला. तुमचे मिस्टर सुखरूप आहेत ना, शेवटचं कधी बोलले, एवढं विचारलं आणि ठेवून दिला. मला वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे आणि ही मला सांगत नाही."

तिने नवऱ्याला फोन लावला तर तो बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. ओल्या हातांनी ती शेजारी पळाली. शेजारच्या पोराने मोबाईलवर शोधलं आणि तो मेणबत्त्यांचा फोटो निघाला. तिथेच ती खाली बसली. तिचं रडणं ऐकून बाया गोळा झाल्या, तिला धरून घरी घेऊन आल्या, आणि अंगणात सासू होती. धुळ्याच्या मॅडमला तिने त्यानंतर कितीदा तरी फोन केला. तो लागलाच नाही.

कामिनीला आठवलं. त्या दिवशी तिचा फोन सतत वाजत होता आणि अनोळखी नंबर ती घेत नव्हती.

तिला गप्प राहता आलं असतं. दिपमालाने तिला ओळखलं नव्हतं. सरांनी फक्त मुलाखतीचं विचारलं होतं. ती पिशवी खांद्याला लावून उभी होती आणि म्हातारी तिच्याकडे अजूनही थोड्या संशयाने बघत होती.

"ती मीच," कामिनी म्हणाली.

दिपमालाने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं, की अशी खोटी बातमी फिरते आहे म्हणून?"

"मला माझं उत्तर मिळालं होतं," कामिनी म्हणाली. तेच खरं होतं.

दिपमाला रागावली नाही. तिने सूप पुन्हा हातात घेतलं आणि तूर पाखडायला लागली. चहाचं विचारलं नाही. कामिनी फाटकापाशी पोचली तेव्हा सुंदरबाई सुनेला मोठ्याने विचारत होती, की ही बाई कोण होती आणि नवलचं खरंच काही नाही ना.

बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की कुंदनला हे सगळं माहीत होतं. माहीत असणारच. दिपमालाने त्याला सांगितलंच असणार. आणि निबंधात त्या फोनबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. पडताळणी करणाऱ्याच्या प्रश्नानेच अफवा त्या घरात शिरली, ही त्या निबंधातली सगळ्यात मोठी गोष्ट ठरली असती. ती त्याने हातातून सोडून दिली होती.

जळगावला उतरून ती थेट पिंप्राळ्याला गेली. कुंदन गॅलरीत कपडे वाळत घालत होता. तिने बसायच्या आधीच विचारलं, तो फोन का नाही लिहिलास.

"लिहिला असता तर तुम्ही ओळखू आल्या असत्या, ताई," तो म्हणाला. "धुळ्यात हे काम करणाऱ्या बाया अशा किती आहेत?"

तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या आत आग पेटली. इतके दिवस तो जास्त हुशार आहे, जास्त लाडका आहे, याने ती पोळत होती. आता तो जास्त चांगलाही निघाला होता. तिच्यासाठी काहीच शिल्लक राहिलं नव्हतं.

"माझ्यावर उपकार करायचा अधिकार तुला कोणी दिला?" ती म्हणाली. "अर्धं लपवून संशोधन करतोस आणि वर मला झाकतोस?"

कुंदनने मान खाली घातली. ते चुकलंच, असं तो म्हणाला. संशोधनाच्या दृष्टीने ते लपवणंच झालं आणि ते त्याला दिल्लीतही टोचत होतं. पण लिहायला बसलं की तिने फोटो उलटा शोधायला शिकवलेलं आठवायचं आणि हात थांबायचा.

मग तिने त्याला उरलेलं सांगितलं. कॅन्टीनमधला चहा, नूतन, चाळीसगावच्या प्राध्यापकाला लिहिलेले तीन शब्द. ते सांगताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. कपड्यांतून पाणी टपटपत होतं. सांगून झाल्यावर तिने वर पाहिलं. त्याचा नेहमीचा मोकळा चेहरा मिटला होता, आणि तो तसा मिटलेला तिने पहिल्यांदाच पाहिला.

"एक फोन करून मला विचारायला हवं होतं तुम्ही, ताई," तो म्हणाला. "मी उचलला असता."

त्याने तिला माफ केलं असं म्हटलं नाही, आणि तिनेही माफी मागितली नाही.

सरांना तिने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, मुलाखतीचं आणि स्वतःचंही. सरांनी टेबलावरचे कागद बाजूला केले. मग म्हणाले, की हे लेखी दे, दोन्ही. तिने दिलं. ज्या ग्रुपवर तो मेसेज फिरला होता, तिथे तिने स्वतःच्या नावानिशी लिहिलं, की कुंदन महाजन यांच्याबद्दलची बातमी खोटी आहे आणि तिची सुरुवात माझ्यापासून झाली. काही जणांनी अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, 'मोठं मन लागतं, मॅडम.' पुष्कळांनी वाचलंही नाही. अफवा ज्या वेगाने जाते त्या वेगाने तिची दुरुस्ती जात नाही, हे तिने प्रबंधाच्या दुसऱ्याच प्रकरणात लिहिलं होतं, पण तेव्हा ते लोकांबद्दल होतं. पुढे कितीतरी दिवस कुठल्या ना कुठल्या चर्चासत्रात कोणीतरी कुंदनला हळूच विचारायचं, की ते मुलाखतीचं प्रकरण काय होतं हो.

अभ्यासवृत्ती त्याला मिळाली, पण उशिरा. निबंधाची सुधारलेली आवृत्ती निघाली, तिच्यात तो फोन आला. कुंदनने 'एका पडताळणी करणाऱ्या व्यक्तीने' असं लिहिलं होतं, कामिनीने आपलं नाव घालायला लावलं. लोकांनी त्यासाठीही कुंदनचंच कौतुक केलं, की किती प्रामाणिकपणे लिहिलंय. तिने ते ऐकलं आणि गिळलं.

तिच्या स्वतःच्या कामात मात्र एक बदल झाला. ज्या घरी ती चौकशीचा फोन करायची, तिथे का विचारते आहे ते आधी सांगू लागली आणि संध्याकाळी पुन्हा फोन करून आता बरं आहे ना, हे विचारू लागली. त्यात वेळ जायचा. दिवसाला पूर्वीच्या निम्मेही मेसेज तपासून होत नसत, आणि विद्यार्थी कंटाळत. तिने मेमधल्या तक्त्यातल्या बाकीच्या घरांनाही एकेक करून फोन लावले. काहींनी उचलले, काहींना काही आठवत नव्हतं, काहींनी शिव्या दिल्या. त्यातून तिच्या प्रबंधात एक नवीन प्रकरण आलं. झोपे सरांनी ते वाचून, सगळ्यात चांगलं झालंय, असं म्हटलं. त्या दिवशी ती बसस्टँडवर उभ्या उभ्या उसाचा रस प्यायली आणि आईसाठी जिलबी घेऊन गेली.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तिची तोंडी परीक्षा झाली. जळगावच्या त्या लहानशा सभागृहात पंखे आवाज करत होते. बेबाबाई पहिल्या रांगेत नवीन लुगडं नेसून बसली होती. काय चाललंय ते तिला फारसं कळत नव्हतं, पण प्रत्येक उत्तराला ती मान डोलावत होती. बाहेरच्या परीक्षकांनी सोपे प्रश्न विचारले आणि कामिनीने भराभर उत्तरं दिली. मग सरांनी श्रोत्यांना विचारलं, कोणाला काही विचारायचंय का.

मागच्या रांगेतून कुंदन उभा राहिला. त्या दिवसानंतर दोघं कामापुरतंच बोलत होते.

"घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून फोन न करता तपासायचं ठरवलं, तर पुष्कळ बातम्या तपासायच्याच राहतील," तो म्हणाला. "त्या तशाच फिरू द्यायच्या का? दोन्हींतलं कमी वाईट कोणतं, हे कोणी ठरवायचं?"

कामिनीने मायक्रोफोन जवळ घेतला, काही सुचतंय का ते पाहिलं आणि मग म्हणाली, "याचं उत्तर माझ्याकडे नाही."

परीक्षकांनी माना हलवल्या, काहीतरी लिहून घेतलं आणि परीक्षा संपली. लोक उठले, अभिनंदन करू लागले, बेबाबाईने कुंदनलाच आधी पेढा दिला. कामिनी सगळ्यांना हसून नमस्कार करत होती. तिला डॉक्टर म्हणून पहिल्यांदा कोणी हाक मारली, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. प्रश्न फार चांगला होता. तो तिच्या प्रबंधात असायला हवा होता, तिलाच सुचायला हवा होता, आणि तो पुन्हा त्यालाच सुचला होता.